रिकरंट नर्व्ह नेहमीच्या जागी सापडली नाही तर? मानेतल्या धमन्या आणि नर्व्ह यांच्या वेगळ्या वाटांबद्दल

प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्या एका तरुण सर्जनचा आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या बाजूने त्यांच्याकडे मोठाले गलगंड येतात. नर्व्ह मॉनिटर (ऑपरेशन चालू असताना नर्व्ह ओळखून देणारं यंत्र) नाही. उजव्या बाजूला रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह, म्हणजे स्वरतंतू हलवणारी नर्व्ह, नेहमीच्या जागी सापडलीच नाही तर कुठे शोधायची, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि मानेतल्या धमन्या-नर्व्हची पुस्तकात पानंच्या पानं व्हेरिएशन्स दिलेली असतात, त्यांतली आपल्याकडच्या कामात खरोखर आडवी येणारी कोणती, हा दुसरा.

पहिल्याचं थेट उत्तर असं. नर्व्ह कुठून येते ते बदलतं. स्वरयंत्रात कुठे शिरते ते बदलत नाही. थायरॉइड कार्टिलेजच्या खालच्या शिंगामागे, क्रिकोथायरॉइड सांध्याला लागून, इन्फीरिअर कॉन्स्ट्रिक्टर या घशाच्या स्नायूच्या खालच्या कडेखालून ती आत जाते. खालून वर शोधत आलात आणि हाती काही लागलं नाही, तर खालीच उकरत बसू नका. थायरॉइड ग्रंथीचा वरचा पोल, म्हणजे वरचं टोक, मोकळा करा, शिंग बोटाने चाचपा, आणि तिथून उलटं मागे या. तोपर्यंत कॅरोटिड शीथकडून (मानेतली मोठी धमनी, शीर आणि व्हेगस नर्व्ह यांच्या वेष्टणाकडून) स्वरयंत्राकडे आडवी जाणारी एकही पांढरी दोरी कापायची नाही, बांधायची नाही, कॉटरी लावायची नाही. ती कितीही बारीक दिसो.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की पाठांतर लागत नाही. गर्भात या भागाची मांडणी होत असते तेव्हा हृदय मानेजवळच असतं. पुढे ते छातीत उतरतं आणि सहाव्या आर्चच्या (गर्भाच्या मानेतल्या कमानींपैकी एकीच्या) धमनीखाली अडकलेली ही नर्व्ह तिच्याबरोबर खाली ओढली जाते, पोहऱ्याच्या कडीत अडकलेला दोर पोहऱ्यासोबत विहिरीत जावा तशी. डावीकडे त्या धमनीचा भाग डक्टस आर्टेरिओसस म्हणून टिकतो, म्हणून डावी नर्व्ह थेट महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते. उजवीकडे तो भाग नाहीसा होतो, नर्व्ह सुटते आणि वरच्या चौथ्या आर्चला अडकते. हा चौथा आर्चच पुढे उजव्या हाताची सबक्लेव्हिअन धमनी बनतो. शंभरात एखाद्या माणसात किंवा त्याहूनही कमी जणांत उजवा चौथा आर्चसुद्धा नाहीसा होतो. मग उजवी सबक्लेव्हिअन नेहमीच्या ब्रेकिओसेफॅलिक खोडातून न निघता कमानीची शेवटची फांदी म्हणून डावीकडून निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून उजव्या हाताकडे जाते. नर्व्हला अडकायला खाली काही उरतच नाही. ती मानेतच व्हेगस या मूळ नर्व्हपासून निघते आणि आडवी स्वरयंत्राकडे जाते. हीच नॉनरिकरंट नर्व्ह. स्टेडमन यांनी १८२३ साली तिची नोंद केली. त्या वेगळ्या धमनीमुळे गिळायला होणाऱ्या त्रासाचं वर्णन मात्र डेव्हिड बेफर्ड यांनी अठराव्या शतकातच करून ठेवलेलं होतं. डावीकडे असं व्हायचं तर कमानीची मांडणीच उलटी असावी लागते. ते इतकं दुर्मीळ आहे की त्याची चिंता करत डावी बाजू उघडू नये.

म्हणजे मूळ फरक धमनीत आहे, नर्व्ह फक्त त्या धमनीमागे जाते. आणि धमनी ऑपरेशनच्या आधी दिसू शकते, ही तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मॉनिटर नसेल, पण सोनोग्राफी आज शहाद्यातही आहे आणि थायरॉइडच्या प्रत्येक रुग्णाची ती होतेच. रेडिओलॉजिस्टला एवढंच सांगा, की गाठ बघून झाल्यावर प्रोब उजव्या कॉमन कॅरोटिडवर ठेवून तसाच खाली, हंसळीच्या हाडामागे नेऊन पाहा. कॅरोटिड आणि सबक्लेव्हिअन एकत्र येऊन एक खोड बनलेलं स्पष्ट दिसलं, तर उजवी नॉनरिकरंट नर्व्ह नाही असं धरून चालता येतं. तो जोड दिसलाच नाही, तर मात्र सावध. आखूड मान आणि छातीत उतरलेला गलगंड असेल तेव्हा हे नीट दिसत नाही, पण अशा रुग्णाचं सीटी आपण तसंही करतो. ते सीटी स्वतः बघा. अन्ननलिकेमागून उजवीकडे जाणारी धमनी आहे का, एवढंच शोधायचं. रिपोर्टमध्ये ती लिहिलेली असेलच असं नाही, कारण आपण रेडिओलॉजिस्टला गाठीबद्दल विचारलेलं असतं. 'गिळायला त्रास होतो का' या प्रश्नावर मात्र विसंबू नका. ही धमनी असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

नॉनरिकरंट नर्व्ह तीन वाटांनी येते. एक, वरच्या पोलच्या रक्तवाहिन्यांसोबत, अगदी उंचावरून. दुसरी, इन्फीरिअर थायरॉइड धमनीला समांतर, सरळ आडवी. तिसरी, त्या धमनीच्या खाली उतरून वळून वर. पहिलीत वरचा पोल एकगठ्ठा बांधला की नर्व्ह गेली. तिसरी फसवते, कारण शेवटचा तुकडा नेहमीच्या नर्व्हसारखाच खालून वर येताना दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. दुसरीत ती धमनीच वाटते, आणि सर्वांत जास्त धोका मला तिथे दिसतो. फरक ओळखायची रीत अशी: मिडल थायरॉइड शीर कॅरोटिडच्या पुढून जाते, इन्फीरिअर थायरॉइड धमनी कॅरोटिडच्या मागून येते, ठोके देते आणि ग्रंथीत शिरते, नर्व्ह ग्रंथीत शिरत नाही, तिच्या मागून स्वरयंत्राकडे जाते. म्हणून 'आडवी आहे म्हणजे धमनी' असं गृहीत धरायचं नाही. तिचं दुसरं टोक कुठे जातं ते बघितल्याशिवाय क्लॅम्प लावायचा नाही.

मॉनिटर कधी हाताशी आला, समजा जळगाव-धुळ्याला एखाद्या केसला गेलात, तर व्हेगस दोन ठिकाणी तपासायची. थायरॉइड कार्टिलेजच्या पातळीवर स्वरयंत्राचा प्रतिसाद येतो आणि खाली, श्वासनलिकेच्या चौथ्या रिंगच्या आसपास, येत नाही, तर नर्व्ह या दोन जागांच्या मध्येच सुटलेली आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

एक चकवा आणखी आहे. कॅरोटिडच्या मागे असलेल्या सिंपथेटिक नर्व्ह-साखळीतून रिकरंट नर्व्हला जोडणारी फांदी काही जणांत चांगली जाडजूड असते आणि हुबेहूब नॉनरिकरंट नर्व्हसारखी आडवी येते. ती नर्व्ह समजून जपलीत आणि खरी, खालून येणारी नर्व्ह कापलीत, असं होऊ शकतं. म्हणून आडवी नर्व्ह सापडल्यावर आनंदाने थांबू नका. तिला कॅरोटिड शीथकडे मागे न्या. ती व्हेगसमधून निघाली तरच ती नॉनरिकरंट. कॅरोटिडच्या मागे सिंपथेटिक गँगलिऑनकडे गेली, तर खरी नर्व्ह अजून शोधायची आहे.

एवढं शंभरातल्या एकाबद्दल झालं. तुमच्या टेबलवर रोज येणारा प्रश्न वेगळा असणार. सातपुड्याच्या पायथ्याला गलगंड जुना आहे. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचं नाव आणि व्याप्ती बदलली, मीठ आयोडीनचं आलं. पण वर्षानुवर्षं वाढत गेलेली गाठ मिठाने विरघळत नाही. पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी हे सगळं उरकून बाई येते तेव्हा गाठ हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत गेलेली असते. अशा गाठीत रिकरंट नर्व्ह जन्मतः नेहमीची असली तरी तिची जागा नेहमीची राहत नाही. गाठ मागून वाढली तर ती नर्व्हला पुढे ढकलते, आणि गाठीच्या पृष्ठभागावर ताणलेली, चपटी झालेली नर्व्ह फॅशियाच्या (स्नायूंवरच्या पातळ पडद्याच्या) पदरासारखी दिसते. छातीत उतरलेल्या गाठीत बोट घालून गाठ वर उपसायची सवय अनेकांना असते. आधी वरून, स्वरयंत्राजवळ नर्व्ह ओळखून ती गाठीपासून सुटी केली नसेल, तर त्या उपसण्यात ती तुटते. म्हणून मोठ्या गाठीत वरून खाली जाणं हीच माझ्या मते पहिली पद्धत असावी, अडचण आल्यावरची पर्यायी नव्हे.

स्वरयंत्रात शिरण्याआधीच नर्व्ह दोन फांद्यांत विभागलेली असणं तर इतकं सर्रास आहे, की त्याला व्हेरिएशन म्हणणंही जड जातं. तीनातल्या एकाच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहून जास्त. स्वरतंतू हलवणारे धागे प्रामुख्याने पुढच्या फांदीत असतात. मागची फांदी सापडली आणि 'नर्व्ह मिळाली' असं म्हणून पुढचं बिनधास्त कापलं, की आवाज जातो आणि सर्जन शपथेवर सांगतो की मी नर्व्ह अखंड पाहिली होती. दोघांचंही खरं असतं. सापडलेली नर्व्ह अपेक्षेपेक्षा बारीक वाटली तर तिची जोडीदार जवळच आहे असं समजा. इन्फीरिअर थायरॉइड धमनीच्या पुढून, मागून की फांद्यांमधून, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. तिन्ही प्रकार इतके नेहमीचे आहेत की त्या धमनीच्या भरवशावर नर्व्ह शोधू नये. झुकरकांडलची गाठोळी (ग्रंथीच्या मागच्या बाजूचा उंचवटा) मोठी असेल तर ती अधिक भरवशाची: ती हळूच मध्याकडे उचलली की नर्व्ह बहुधा तिच्याखाली असते. बेरीच्या लिगामेंटपाशी (ग्रंथीला श्वासनलिकेशी जखडणाऱ्या पट्ट्यापाशी) रक्त आलं तर ओल्या गॉजने दाबून थांबा. तिथे आंधळी कॉटरी नको.

वरच्या पोलची दुसरी नर्व्ह, सुपीरिअर लॅरिंजिअलची बाहेरची फांदी, हिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. ती गेली तर माणूस बोलतो, म्हणून फॉलोअपमध्ये कुणी विचारतही नाही. पण आवाज वर चढत नाही, लांब हाक मारता येत नाही, बोलून बोलून गळा लवकर थकतो. कानबाईची गाणी वरच्या पट्टीत म्हणणारी बाई, शाळेतली शिक्षिका, बाजार समितीत लिलाव पुकारणारा माणूस, यांच्यासाठी हे किरकोळ नुकसान नाही. ऑपरेशनआधी बायका विचारतात, "डॉक्टर, मना आवाज जाई का?" त्या प्रश्नात ही नर्व्हही आहे. सेर्निया यांनी १९९२ मध्ये तिची वर्गवारी दिली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नर्व्ह वरच्या पोलच्या रक्तवाहिन्या ओलांडते ती जागा पोलच्या वरच्या कडेपासून एक सेंटिमीटर किंवा जास्त उंच असेल तर पहिला प्रकार. एक सेंटिमीटरच्या आत असेल तर २अ. आणि कडेच्याही खाली असेल तर २ब. लहान गाठीत हा शेवटचा, धोक्याचा प्रकार त्यांना १४ टक्क्यांत दिसला. मोठ्या गलगंडांत ५४ टक्क्यांत. नर्व्ह तिथेच असते, पोल वाढून तिच्याही वर जातो. म्हणजे आपल्या भागातल्या गाठींमध्ये निम्म्याहून अधिक वेळा ती बांधायच्या जागीच असणार, हे धरून चाला. पोल खाली आणि बाहेर ओढा, क्रिकोथायरॉइड स्नायू आणि पोल यांच्यामधली जागा मोकळी करा, आणि फांद्या एकेक करून ग्रंथीलगत बांधा. एकगठ्ठा बांधू नका.

आता ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी श्वासनलिकेत पाडलेलं छिद्र. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा झालेले शेतकरी व्हेंटिलेटरवर लांबतात आणि त्यांची ट्रेकिऑस्टॉमी बऱ्याचदा नवख्या हातांनी, घाईत, खाटेवरच होते. इथे दोन धमन्या लक्षात ठेवा. थायरॉइडिया इमा ही शंभरात तीन ते दहा जणांत असते, बहुतेकदा ब्रेकिओसेफॅलिक खोडातून निघून श्वासनलिकेच्या बरोबर पुढून वर चढते. ती मध्यरेषेत असते, आणि आपण मध्यरेषेला सुरक्षित समजतो. दुसरं म्हणजे खुद्द ब्रेकिओसेफॅलिक खोडच उंच असणं. मुलांमध्ये आणि मान मागे ताणल्यावर ते छातीच्या हाडाच्या वर येऊ शकतं. छेद घेण्याआधी हाडाच्या खाचेत बोट ठेवून ठोके लागतात का ते पाहायला काही सेकंद पुरतात. ठोके लागले तर छेद वर घ्या आणि मान कमी ताणा. छिद्र दुसऱ्या-तिसऱ्या रिंगच्या पातळीला ठेवा. खाली गेलेली ट्यूब पुढच्या काही आठवड्यांत त्या धमनीला घासून छिद्र पाडू शकते. ट्रेकिऑस्टॉमीनंतर काही दिवसांनी आलेलं थोडंसं ताजं लाल रक्त 'सक्शनने खरचटलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या रक्तस्रावाची ती आगाऊ सूचना असू शकते.

कॅरोटिडबद्दल थोडं सविस्तर, कारण खान्देशात तंबाखू, मिशेरी आणि २०१२ च्या बंदीनंतरही मिळत राहिलेला गुटखा यांनी तोंडाचे कॅन्सर भरपूर दिले आहेत. अशा रुग्णाच्या जबड्यातून किंवा जिभेतून रात्री अचानक धो धो रक्त येतं आणि एक्स्टर्नल कॅरोटिड (तोंडा-चेहऱ्याकडे जाणारी धमनी) बांधायची वेळ येते. एम्बोलायझेशनची (धमनी आतून बंद करण्याची) सोय दोन-तीन तासांच्या अंतरावर असते, तेव्हा हे काम यायलाच हवं. कॉमन कॅरोटिड सर्वसाधारणपणे थायरॉइड कार्टिलेजच्या वरच्या कडेला दुभंगते. पण ती हायॉइडच्या पातळीला किंवा त्याहून वर दुभंगणंही दुर्मीळ नाही. नेहमीच्या जागी एकच धमनी दिसली आणि ती एक्स्टर्नल समजून बांधली, तर आपण मेंदूचा रक्तपुरवठा बांधलेला असू शकतो. 'फांदी आहे म्हणजे एक्स्टर्नल' हा नियम अर्धाच खरा आहे, कारण सुपीरिअर थायरॉइड धमनी बऱ्याच जणांत दुभंगाच्या जागेतूनच किंवा खुद्द कॉमन कॅरोटिडमधून निघते. क्वचित इंटर्नललाही ऑक्सिपिटल किंवा असेंडिंग फॅरिंजिअलसारखी फांदी असते. आणि 'एक्स्टर्नल पुढे आणि मध्याकडे, इंटर्नल मागे आणि बाहेर' हेही काही जणांत, विशेषतः उजवीकडे, उलटं असतं. म्हणून दुभंग स्वतः पाहा, एकाच धमनीला किमान दोन फांद्या पाहा, मग ती धमनी नुसती बोटाने किंवा मऊ क्लॅम्पने दाबा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना कानापुढची नाडी बघायला सांगा. नाडी गेली, तर ती एक्स्टर्नल. मगच ती बांधा. जिभेच्या रक्तस्रावात एवढं आणखी ध्यानात असू द्या, की पाचातल्या साधारण एकात लिंग्वल (जिभेची) आणि फेशिअल (चेहऱ्याची) या दोन्ही धमन्या एकाच खोडातून निघतात. नुसती लिंग्वल बांधायला गेलात तर दोन्ही बांधल्या जातील.

इंटर्नल कॅरोटिडचा नागमोडी वळसा हा वेगळाच धोका. वय आणि रक्तदाब वाढलेल्या माणसात ती लांबून, वळून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत येते. टॉन्सिलजवळच्या गळवाला सुरी लावण्याआधी घशात नीट उजेड टाकून पाहा आणि फुगवट्यावर बोट ठेवा. ठोके देणारा फुगवटा आधी सीटीला पाठवा. लहान मुलांत, टाळूच्या जन्मजात दोषासोबत २२क्यू११ डिलीशन (२२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा नसणं) असेल तर हीच धमनी मध्याकडे सरकलेली सापडते.

मान साफ करताना, म्हणजे कॅन्सरसाठी मानेतल्या गाठी काढताना (नेक डिसेक्शन), जीभ हलवणारी हायपोग्लॉसल नर्व्ह डायगॅस्ट्रिक स्नायूच्या खाली, ऑक्सिपिटल धमनीला वळसा घालून पुढे जाते. काहींत ती बरीच खाली, दुभंगाला जवळजवळ टेकून असते. तिच्याभोवतीच्या शिरा फार नाजूक असतात. तिथे रक्त आलं की आंधळा क्लॅम्प न लावता दाबून ठेवायचं. व्हेगस साधारणपणे कॅरोटिड आणि जुग्युलर शीर यांच्या मागच्या खोबणीत असते, पण थोड्या लोकांत ती दोघींच्या पुढे येते, म्हणजे शीथ उघडणाऱ्या कात्रीच्या थेट वाटेत. जुग्युलर बांधण्याआधी व्हेगस डोळ्यांनी पाहायची, ही सवय मोडू नये.

माझ्या मते खान्देशात सर्वांत जास्त नुकसान ज्या नर्व्हचं होतं ती रिकरंट नाहीच. ती खांदा उचलणारी ॲक्सेसरी नर्व्ह. आणि तिला इजा मोठ्या ऑपरेशनपेक्षा जास्त वेळा मानेतल्या गाठीच्या बायोप्सीत होते. क्षयाची गंडमाळ आपल्याकडे अजून आहे. मानेच्या मागच्या त्रिकोणातली गाठ 'लोकलमध्ये दहा मिनिटांत' काढली जाते, टाके सुकतात, आणि दोन महिन्यांनी माणूस खांदा दुखतो म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडे जातो. हात खांद्याच्या वर जात नाही, खांदा उतरलेला असतो, डोक्यावर भारा घेता येत नाही. शेतमजुराचं हे रोजीरोटीचं नुकसान आहे.

ही नर्व्ह इतकी वरवर असते की तिच्यावर त्वचा, थोडी चरबी आणि फॅशियाचा एक पापुद्रा एवढंच असतं. हडकुळ्या माणसात आणि मुलात तेवढंही नाही. ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह (कानाजवळच्या त्वचेची) स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूच्या मागच्या कडेवरून जिथे वळते, त्याच्या वर साधारण एक ते दोन सेंटिमीटरवर ॲक्सेसरी बाहेर येते आणि तिथून तिरकी ट्रॅपेझियस या खांद्याच्या स्नायूकडे खाली जाते. फरक बरेच आहेत. बहुतेकांत ती स्टर्नोमॅस्टॉइडमधून जाते, काहींत त्याच्या खालून. वर जुग्युलरच्या पुढून जाणारी जास्त, मागून जाणारी कमी, आणि फार थोड्यांत शीर फाटून दोन पदर झालेले असतात व नर्व्ह त्यांच्यामधून जाते. नेक डिसेक्शनमध्ये शिरेच्या पुढे नर्व्ह नाही म्हणून शीर उचलून बांधायला जाल, तेव्हा तिच्या मागे पाहा. मानेतल्या तिसऱ्या-चौथ्या नर्व्ह-मुळांकडूनही ट्रॅपेझियसला धागे येतात. कुणात ते पुरेसे असतात म्हणून नर्व्ह जाऊनही खांदा बरा राहतो. त्या भरवशावर मात्र कुणी नर्व्ह कापू नये. आणि गाठ मोठी असेल तर जन्माची जागा विसरा, नर्व्ह तिच्या अंगावर ताणलेली असते.

म्हणून क्षयाचा संशय असेल तर आधी सुईने नमुना घ्या. बहुतेक रुग्णांत तेवढं पुरतं. उघडायचंच असेल तर पुढची, वरची, सोपी गाठ निवडा. मागच्या त्रिकोणातलीच हवी असेल तर नर्व्ह ओळखल्याशिवाय गाठीभोवती फिरू नका, आणि ते काम भूल देऊन, चांगल्या उजेडात करा. बायोप्सीनंतर टाके काढायच्या दिवशी हात वर करायला सांगा. इजा तेव्हाच लक्षात आली तर पहिल्या काही महिन्यांत नर्व्ह जोडता येते. वर्षभराने आलेल्या माणसाला तो पर्याय फारसा उरत नाही.

मार्जिनल मँडिब्युलर या खालचा ओठ हलवणाऱ्या नर्व्हबद्दल डिंगमन आणि ग्रॅब यांनी १९६२ मध्ये १०० अर्ध्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून पाहिलं. फेशिअल धमनीच्या मागे ८१ टक्क्यांत नर्व्ह जबड्याच्या कडेच्या वरच होती, १९ टक्क्यांत खाली, सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत. धमनीच्या पुढे मात्र सगळ्यांत वर. जिवंत माणसात मान ताणल्यावर आणि वयाबरोबर त्वचा ओघळल्यावर ती आणखी खाली येते. जबड्याच्या दोन बोटं खाली छेद, आणि फेशिअल शीर बांधून तिच्यासकट पदर वर उचलणं, एवढ्याने बहुतेक वेळा काम भागतं.

बाकीचं थोडक्यात. मणक्यांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी दहातल्या नवांहून अधिक जणांत मानेच्या सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरते. उरलेल्यांत वर किंवा खाली. मानेच्या मणक्यावर पुढून काम करणाऱ्यांनी ते सीटीवर बघूनच घ्यावं. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नर्व्ह स्केलीन स्नायूवर फॅशियाखाली असते आणि तो फॅशिया न उघडणं हेच तिचं संरक्षण. कुणाला जोडीला एक छोटी ॲक्सेसरी फ्रेनिकही असते. डावीकडे खाली थोरॅसिक डक्टचं (लिम्फ शिरेत नेणाऱ्या नळीचं) तोंड कुठे आणि किती फांद्यांनी उघडेल याचा नेम नाही. तिथल्या प्रत्येक मऊ पापुद्र्याला टाका घालावा. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून श्वासाचा दाब वाढवून घ्या आणि दुधाळ थेंब येतो का ते पाहा.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर स्वरतंतू पाहून नोंद करा. आरसा पुरतो, स्कोप असेल तर उत्तम. मोठ्या गलगंडात एक तंतू आधीच हलत नसतो आणि रुग्णाला ते ठाऊकही नसतं. ते आधी कळलं तर दुसऱ्या बाजूला किती पुढे जायचं याचा निर्णय बदलतो.

आणि नॉनरिकरंट नर्व्ह सापडली, तर ती ऑपरेशन नोटमध्ये नुसती शब्दात लिहून थांबू नका, एक छोटी आकृती काढा आणि डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा: 'उजव्या हाताची धमनी वेगळ्या जागेतून निघते असा दाट संशय, सीटीने खात्री करावी.' याच माणसाची उद्या छातीत दुखलं म्हणून उजव्या मनगटातून अँजिओग्राफी होईल, आणि तिथे कॅथेटर हृदयाकडे वळवताना डॉक्टरांना अडचण येईल. कार्डावरचं ते वाक्य वाचलं तर ते सरळ डावं मनगट निवडतील.